मंगळूची पहार

सातपूरच्या कारखान्यांत अवजड मशीन हलवायचं असलं, की सहादू खैरनारच्या टोळीला बोलावणं जायचं. सहादूला सगळे मुकादम म्हणत. हाताखाली सहा माणसं, सहा पहारी, लोखंडी पाइप, दोन जॅक आणि लाकडी ठोकळे. एवढ्यावर त्यानं आठ-आठ टनांची धुडं गेटापासून चबुतऱ्यापर्यंत नेऊन बसवली. पाइपावर मशीन ठेवायचं, मागून पहारीनं रेटायचं. सहा जणांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे. एकाचा जरी मागं-पुढं झाला, तर मशीन तिरकं होतं.

हाक सहादू द्यायचा. लोक त्या हाकेचं कौतुक करत. त्याला ते आवडत नसे. हाक कुणीही देईल, तो म्हणायचा, काम हाकेच्या आधी असतं.

हाकेच्या आधी सहाही पहारी जमिनीवर ठेवायच्या. आपापल्या जागी उकिडवं बसायचं, हातानं जमीन ठोकायची, पाइप बघायचा. मग सहादू एकेकाला विचारायचा, ‘तुझ्याकडं काय?’ ज्याचं सांगून झालं, त्यानं पहार उचलायची. एक जरी पहार खाली असली, तरी हाक नाही.

कुणाला आधी विचारायचं, हेही ठरलेलं होतं. पुंजा तोंडाचा तिखट. तो आधी बोलला, की बाकीचे ‘तसंच हाय’ म्हणून मोकळे. म्हणून पुंजाचा नंबर शेवटचा आणि मंगळूचा पहिला. मंगळू सुरगाण्याकडचा. भात कापून झालं की कामाला यायचा, तो एका वर्षी आला आणि राहिलाच. त्याला बोलायला वेळ लागे. जमिनीवर तळवा ठेवून बसून राहायचा, ओठ हलायचे, शब्द मागून यायचे. तोवर सहादू हात मागं बांधून उभा. अशाच थांबण्यातून एकदा चिरलेला पाइप सापडला होता. पाच वर्षांत टोळीत कुणाचं बोट चेपलं नव्हतं.

एकोणऐंशीचा जानेवारी. एका कारखान्यात प्रेस हलवायचा होता, आणि तीनची पाळी सुटायच्या आत तो जागेवर हवा होता. तिथला साहेब घड्याळ बघत उभा. टोळी उकिडवी बसली तशी तो सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मुकादम, मशीन हलवताय की शाळा भरवताय?’

सहादूला ते लागलं. त्या दिवशी त्यानं क्रम फिरवला. पुंजाला आधी विचारलं. पुंजा म्हणाला, सगळं चोख. शेजारचा गेणू म्हणाला, तसंच. बाकीचेही तसंच. पाच पहारी वर आल्या. मंगळूची खालीच होती. तो मागच्या कोपऱ्यात पायाजवळ बोटांच्या पेरांनी जमीन ठोकत होता. एकदा ठोकली. थांबला. पुन्हा ठोकली.

‘ह्यो बोलंस्तोवर सुरगाण्याची जीप दोनदा येऊन जाईल,’ पुंजा म्हणाला. सगळे हसले. साहेब हसला. सहादूही हसला.

‘उचल रे, मंगळू. मग सांग.’

मंगळूनं एकवार त्याच्याकडं बघितलं आणि पहार उचलली. मुकादमाचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

तिसऱ्या हाकेला मागची जमीन खचली. खाली केबलची जुनी चारी होती, वरून सिमेंट ओढून बुजवलेली. प्रेस मंगळूच्या अंगावर कलला. दवाखान्यात तो दोन दिवस होता. बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

चौकशी झाली. चारी नकाशात नव्हती, सबब कुणाचा दोष नाही, असं कागदावर आलं. सहादूनं खाली सही केली. पुंजा हलक्या आवाजात म्हणाला, ‘मुकादम, आता सोडा. कागदानंच सोडलं तुम्हाला.’

पंधरा दिवसांनी सहादू मंगळूच्या गावी गेला. एसटीनं सुरगाण्यापर्यंत, पुढं जीपनं, शेवटचा चढ पायी. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. कागदावरचं सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. तिथं त्याला खोटं ठरवणारं कुणी नव्हतं.

मंगळूची बायको चांगुणा अंगणात नागली पाखडत होती. म्हातारा बाप भिंतीला टेकून बसलेला. तिनं पाणी दिलं. सहादूनं ते पिऊन तांब्या खाली ठेवला. तिनं एकच विचारलं.

‘कायी बोलला का तो?’

वाटेत जुळवलेलं सहादूच्या कामी आलं नाही. तो जमिनीकडं बघत बसला. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. सूप थांबलं होतं. दोघांपैकी कुणी त्याला घाई केली नाही.

‘बोलणार होता,’ तो शेवटी म्हणाला. ‘मी बोलू दिलं नाही.’

चांगुणानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

‘घरात बी तसाच. येळ लागं त्याला,’ ती म्हणाली. ‘आमी वाट पाहत बसू.’

ती रडली नाही, तिनं शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर सहादूला उठता आलं असतं. ऊन अंगणातून निघून गेलं तरी तो तिथंच बसून होता.

पुढच्या कामावर त्यानं पाचही जणांना समोर बसवलं. क्रम मी फिरवला, पहार उचलायला मी सांगितली, हसलोही मी, एवढं त्यानं सांगितलं. मग हाक गेणूच्या हवाली केली आणि मंगळूची पहार घेऊन मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून तो पुढं आला नाही. शहाऐंशीत गुडघ्यांनी दगा दिला, तोवर तीच जागा.

गेणू पहिल्यांदा त्यालाच विचारायचा. सहादू जमीन ठोकायचा. थांबायचा. पुन्हा ठोकायचा. पुंजा मान खाली घालून बसलेला असायचा. सहादूची पहार उचलली जाईपर्यंत कुणी काही बोलत नसे.