रोटाचा घन

मी कानबाईच्या रोटाची भूमिती केली, एवढाच माझा गुन्हा.

सोमवारी विस्तार अधिकारी शाळेत माझा नमुना पाठ बघायला येणार होते. विषय घनाकृती, तोही मुलांच्या हातात वस्तू देऊन शिकवायचा! पाठ फसला तर ‘कारणे दाखवा’ नोटीस ठरलेली. मी शाडूचे आकार केले, ते तडकले. बटाट्याचे कापले, ते काळे पडले. (माझं तोंड त्याच्याही आधी!)

रविवारी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसली होती. शिंदखेड्यापासूनचे भाऊबंद जमलेले. स्वयंपाकघरात कणकेच्या दोन पराती, एक नैवेद्याच्या रोटाची, एक साध्या पोळ्यांची. मी न विचारता जवळच्या परातीतून नारळाएवढा गोळा लांबवला, पट्टी लावून घन, शंकू आणि पिरॅमिडसारखी सूची घडवली, तव्यावर विटेसारखी कडक भाजली आणि गुपचूप दप्तरात टाकली.

सोमवारी साहेब शेवटच्या बाकावर. मी पुढे फळ्याजवळ, हातात घन.

"मुलांनो, हा घन. याला कोपरे किती?"

"आठ!"

साहेबांची मान हलली. फार नाही, दोन मिलिमीटर. पण मला तेवढ्यात बढती दिसली!

आणि दारात आई दिसली. (तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही.) मागे माझे चुलते नाना आणि अंगणभर भाऊबंद.

"मास्तर, रोटनी कनिक शे ती!" अक्का गरजली. "तव्यावर चौकोनी डाग दखायना, तव्हयच वळखं मी!"

घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून रोट करतात. तो भाऊबंदांनीच संपवायचा. कण बाहेर जाता कामा नये. आणि आमच्याकडे रोट संपल्याशिवाय कानबाईचं विसर्जन नाही! म्हणजे देवी पाटावर अडकलेली, ती माझ्यामुळे.

"अक्का, पाठ चालू आहे. साहेब बसलेत!"

"साहेब आपला भाऊबंद शे का? मंग त्यासले देऊ नको." अक्का भाऊबंदांकडे वळली. "तुम्हीच खा बठ्ठं!"

नानांनी नवी कवळी बसवली, घन उचलला आणि एक कोपरा कचकन उडवला. सुरीने कापावा तसा सपाट!

"सर, आता दहा कोपरे!" पहिल्या बाकावरची वैष्णवी ओरडली.

"गप बस गं! एक गेला तर सात..." मी मोजले. एक गेला होता, तीन नवे आले होते. दहाच!

साहेब उठून पुढे आले. "नाना, अजून एक खा बघू."

कचकन!

"बारा!" अख्खा वर्ग.

नाना हबकले. "मास्तर, हाई तं खावावर वाढी ऱ्हायनं! संपी कव्हय?"

शेवटी घन भाऊबंदांत वाटला गेला, सूची नानांनी पाण्यात बुडवून संपवली आणि अख्खा शंकू अक्काने माझ्या तोंडात कोंबला. मुलं टाळ्या वाजवत होती. भाऊबंद विसर्जनाला धावले.

साहेबांनी तिथेच शेरा लिहिला : ‘विद्यार्थ्यांची समज उत्तम. शैक्षणिक साहित्य तपासता आले नाही. शिक्षकांनी ते खाल्ले.’

"यावर काही म्हणायचंय?" त्यांनी विचारलं.

मी सही केली. म्हणणार काय? शंकूचं टोक टाळूत रुतलं होतं!