अंड्यांच्या वहीतले एकतीस तास

हँगरच्या कुलपावर कापड गुंडाळलं, त्यावर लाल लाख ओतली आणि कोर्टाकडून आलेल्या साहेबांनी पितळी शिक्का दाबला. विमानं आत राहिली, आम्ही बाहेर. आमची फ्लाइंग स्कूल त्या मिनिटाला संपली.

मी तिथला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. म्हणजे विमान उडण्याजोगं आहे असं लिहून देणारा आणि त्याखाली सही करणारा माणूस. लोणीच्या माळावर मुरमाची धावपट्टी, पत्र्याचं हँगर आणि तीन छोटी विमानं, एवढाच आमचा संसार. नव्वदच्या दशकात मोठ्या हौसेनं मांडला आणि दोन हजार साल उलटल्यावर चार-पाच वर्षांत मोडला. कंपनीचं देणं काही केल्या फिटेना, म्हणून हायकोर्टानं ती गुंडाळायचा हुकूम काढला. अशा वेळी कोर्टाच्या वतीनं एक अधिकारी येतो आणि टाचणीपासून विमानापर्यंत सगळं ताब्यात घेतो. त्याला लिक्विडेटर म्हणतात. त्यांच्या ऑफिसातून आमच्याकडे आलेले साहेब सज्जन होते. शिक्का मारून झाल्यावर त्यांनीच आम्हाला चहा पाजला.

चहाचा ग्लास हातात असतानाच रुबीना माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"सर, माझ्या लॉगबुकचं काय?"

मी म्हटलं, "बघू." दुसरं काही म्हणण्याची माझी लायकीच नव्हती.

रुबीना तांबोळी जुन्नरची. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. पोरगी मंचरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहून रोज सकाळच्या एसटीनं लोणीला यायची. कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळवायला दोनशे तास उड्डाण लागतं. प्रत्येक उड्डाण पायलट आपल्या लॉगबुकात लिहितो आणि महिन्याच्या शेवटी स्कूलचा मुख्य इन्स्ट्रक्टर ते तपासून सही करतो. सही नसेल तर तो तास उडालाच नाही असं धरतात. रुबीनाचे दोनशे तीन तास झाले होते. त्यातल्या शेवटच्या एकतीस तासांवर सही नव्हती.

का नव्हती? माझ्यामुळे.

विमानाचंही एक लॉगबुक असतं. कुठलं विमान कधी उडालं, कोण होतं, किती वेळ, हे त्यात इंजिनिअरनं रोजच्या रोज चढवायचं. मी रोजचे आकडे सुट्या कागदांवर लिहून हँगरमधल्या क्लिपबोर्डला लावायचो आणि शनिवारी बसून लॉगबुकात चढवायचो. शेवटचे दोन महिने पगार थांबले, मन उडालं आणि शनिवारही थांबले. आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. ते म्हणाले, "थोरात, आधी तुमचं लॉग पुरं करा, मग मी मुलांच्या लॉगवर सही करतो." मी म्हणालो, "सोमवारी देतो, सर." तो सोमवार यायच्या आत शिक्का आला.

रुबीनाच्या लेखी परीक्षांची मुदत जानेवारीत संपणार होती. तोवर दोनशे तास सहीनिशी दाखवता आले नाहीत, तर सगळे पेपर पहिल्यापासून. एकतीस तास दुसरीकडे पुन्हा उडवण्याइतकं बळ तिच्या घरात उरलं नव्हतं. मुलीनं पायलट व्हायचं म्हटल्यावर बापानं हातचं काही राखलं नव्हतं. मुलगी घरी बसणार होती, आणि ती माझ्या आळशीपणापायी.

पावसाळाभर मी मंचरला हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रॅक्टरची इंजिनं उघडत बसलो. दिवाळीच्या तोंडावर साहेबांचा निरोप आला की सामानाची यादी करायला हँगर उघडतोय, हजर राहा. मी धावत गेलो. क्लिपबोर्ड जागेवरच होता. वरच्या पत्र्याला भोक पडलं होतं आणि पावसाचं पाणी नेमकं त्या भिंतीवरून उतरलं होतं. कागदांचा लगदा झाला होता. राहिलेलं काम उंदरांनी केलं होतं.

मी तो लगदा हातानं उलगडायला लागलो. साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"विमानाला स्वतःचा काही हिशोब असतो का हो?" ते म्हणाले.

असतो. ट्रॅक्टरला असतो तसा विमानाच्या इंजिनालाही तासांचा मीटर असतो. शेवटच्या त्या दोन महिन्यांत एकच विमान उडत होतं आणि विद्यार्थीही दोनच उरले होते, रुबीना आणि पुण्याचा एक मुलगा. साहेबांनी मीटर वाचला, विमानाच्या लॉगबुकातला शेवटचा आकडा त्याशेजारी लिहिला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि कागद माझ्या हातात ठेवला. त्यांना हे करायची काही गरज नव्हती. मी आजही त्या माणसाचं नाव काढतो ते हात जोडून.

विंग कमांडर तेव्हा साताऱ्याला राहायला गेले होते. मी फोन लावला.

"मीटर एवढंच सांगतो की विमान उडालं," ते म्हणाले. "केव्हा उडालं आणि कोण उडवत होतं, ते कोण सांगणार?"

"सर, तुम्हीच तर तिला पाठवत होता. तुम्हाला आठवत असेल ना."

"आठवतं. पण मी आठवणीवर सही करत नाही. रेकॉर्ड आणा."

त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला.

फोन ठेवला आणि मला सोपानराव वाळुंज आठवले. धावपट्टीच्या टोकाला त्यांची पोल्ट्री. विमानाच्या आवाजानं कोंबड्या बिथरतात, अंडी घटतात, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वर्षभर आमच्याशी उभा दावा मांडला होता. पारावर, ग्रामसभेत, दूध डेअरीवर, एकच विषय. बांधावर उभे राहून मला ओरडून सांगायचे, "सायेब, येकूनयेक विमान वहीत लिव्हून ठेवतोय! कोर्टात खेचल्याबिगर सोडनार न्हाई!" पण तक्रार कधी आलीच नाही. आम्ही त्यांना हसायचो.

दुसऱ्या दिवशी मी रुबीनाला घेऊन लोणीला गेलो. सोपानराव शेडमध्ये खाद्य टाकत होते.

"या पावणं. बंद पडली न्हवं तुमची कंपनी? आता काय राह्यलंय?"

"सोपानराव, ती वही पाहिजे होती."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "कंची वही?"

"विमानं लिहून ठेवायचात ती."

"तसली कायबी वही न्हाई. मी आपलं उगाच दम द्यायाचो."

मी हात जोडले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं, पोरीचं वर्ष वाया जाईल म्हटलं. गडी ढिम्म हलेना. "न्हाई म्हंजी न्हाई, राव. असती तर दिली नसती का?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मंदाताई बाहेर आल्या. रुबीनाला बघून आधी तिच्या गालावरून हात फिरवला, मग नवऱ्याकडं बघितलं. आत गेल्या आणि लांबट, पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. सोपानरावांनी मान दुसरीकडे फिरवली.

वही मंदाताईंच्या हातची होती. नवरा तावातावानं सांगायचा आणि लिहायचं काम बायकोकडं. चार रकाने आखलेले. तारीख, गेलं, आलं, अंडी. पहिल्या वर्षी नुसतं "इमान" लिहिलेलं. पुढे मात्र "पोरगी गेली ७.१०, पोरगी आली ८.२५" असं. पुण्याच्या मुलासाठी "पोरगं". एक दिवस सुटलेला नाही. इंजिनिअर मी होतो, आणि माझ्यापेक्षा चोख लॉग एका पोल्ट्रीत लिहिलं जात होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटचा रकाना वाचला आणि सोपानराव वही का लपवत होते ते समजलं. दोन वर्षांत अंडी घटली नव्हती. ज्या महिन्यात विमानं जास्त उडाली, त्या महिन्यात उलट चार अंडी जास्तच होती.

"आता कळलं का तक्रार का दिली न्हाई ते?" सोपानराव खालच्या आवाजात म्हणाले. "सगळ्या गावाला सांगून बसलो व्हतो. वही बघितली आन् तोंडच बंद झालं. न्या सायेब वही, पन त्यो अंड्यांचा रकाना कुनाला दावायचा न्हाई."

मी शब्द दिला. मंचरला येऊन अंड्यांच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवली, झेरॉक्स काढल्या आणि साताऱ्याला फॅक्स केल्या. वहीतल्या वेळांची बेरीज मी आधीच मारली होती. मीटर आणि वही यांच्यात अर्ध्या तासाचाही फरक नव्हता. रुबीनाच्या लॉगबुकातले एकतीस तास तारखेगणिक जुळत होते. आता सही कुठं जात नाही, असं मी तिला छातीठोक सांगितलं.

तासाभरात फोन आला.

"थोरात, चौथा कॉलम का झाकलाय?"

"सर, घरगुती आहे. अंडी."

"झाकलेलं रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड नाही. उद्या कुणी विचारलं, ही वही लायसन्ससाठी मागाहून बनवली नाही कशावरून, तर मी काय सांगू? पूर्ण वही हवी. ज्यांनी लिहिली त्यांचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि वही का ठेवली ते त्यात हवं."

आता झाली का पंचाईत! दिलेला शब्द मोडायचा की पोरीचे तास सोडायचे? मी पुन्हा लोणीला गेलो आणि जसं होतं तसं सोपानरावांपुढं मांडलं. ते खाद्याच्या पोत्यावर बसले. रुबीना म्हणाली, "काका, राहू द्या. तुमची गावात शोभा व्हायला नको."

त्यावर ते उठलेच. "गप ग. शोभा व्हायची ती व्हईल. कोंबडीवाल्याची कसली आलीय येवढी अब्रू?" आणि आत वळून ओरडले, "मंदे, लुगडं बदल, घोडेगावला जायाचंय."

घोडेगाव तालुक्याचं ठिकाण. कोर्टाबाहेर एका टायपिस्टनं प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. भोवती बाकड्यावर आठ-दहा माणसं, त्यांतली दोन लोणीचीच. टायपिस्टला मोठ्यानं वाचत टाइप करायची सवय. "सदर वहीवरून... विमानांमुळे अंडी... घटल्याचे... दिसून येत नाही." लोणीची दोघं फिदीफिदी हसली. एक म्हणाला, "सोपानभाऊ, मंग ग्रामसभेत काय कोंबडा बोलत व्हता काय?" सोपानराव खाली बघत राहिले, पण उठून गेले नाहीत.

"वही कशासाठी ठेवली?" टायपिस्टनं विचारलं.

"तक्रारीसाठी," सोपानराव म्हणाले.

"पयल्या सालाला तक्रारीसाठी," मंदाताई म्हणाल्या. "मागनं कळलं का अंड्याला कायबी होत न्हाई, तवा ह्यांनी सोडून दिलं व्हतं."

"मग पुढं कशाला लिहीत राहिलात?"

मंदाताईंनी रुबीनाकडं बोट केलं. "ही एकलीच जायाची न्हवं वर. गेली ते लिव्हायचं आन् वाट बघत बसायचं. आली का लिव्हायचं, मंग भाकरी खायाची."

टायपिस्टनं चष्मा काढून पुसला. रुबीना मंदाताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली? माझं काम मी आठवड्यावर ढकललं होतं आणि ज्या बाईचा त्या विमानाशी काडीचा संबंध नव्हता, तिनं ते रोज उपाशीपोटी केलं होतं.

मी सगळं घेऊन साताऱ्याला गेलो. विंग कमांडरांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, वही पानापानानं चाळली आणि एकतीसही तासांवर सही केली. माझ्याकडं बघून म्हणाले, "या बाई तुमच्या जागी असत्या तर आपलं लॉग तरी पुरं असतं." मी म्हटलं, "खरंय, सर."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुबीनाचे कागद दाखल झाले आणि उन्हाळ्यात लायसन्स आलं. पेढे घेऊन ती आधी लोणीला गेली, मग माझ्याकडं आली. तोच क्रम बरोबर होता. त्या बंद पडलेल्या स्कूलनं माझी कमाई बुडवली, तरी ती आठवली की माझ्या मनात आधी उपकारच येतात: नियमात बसतं तेवढं सगळं करणाऱ्या साहेबांचे, खोटी सही न करणाऱ्या विंग कमांडरांचे आणि पोरीसाठी गावभर हसं करून घेणाऱ्या सोपानरावांचे. मंदाताईंचे उपकार कुठल्या रकान्यात लिहायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

या धंद्यातल्या नव्या मुलांना मी एकच सांगतो. नोंद त्याच दिवशी करावी. ज्याला हे जमत नसेल, त्यानं निदान कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्याशी भांडण तरी चालू ठेवावं.