सुट्टे नारळ

माझ्या आजोबांच्या मोटारीत बसलेला पहिला माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, बाळू.
तो जिवंत घरी आला नाही.

गोष्ट १९३० नंतरची. चौलला एका शेटची मोटार होती, माल आणि माणसं नेणारी. तिच्यावर आजोबा नवे ड्रायव्हर. लायसन्स खिशात, मिशीला पीळ.

शेटचा नियम एकच. लायसन्स असलं तरी पहिलं वर्ष माणसं न्यायची नाहीत. फक्त नारळ.
तेही पोत्यात नाही, मागच्या उघड्या भागात सुट्टे. ब्रेक जोरात लागला की गडगडणार.
"आवाज येतो तोवर मानूस बसवायचा न्हाय," शेट म्हणायचे.

बाळूला अलिबागला जायचं होतं. तो सरळ नारळांवर चढून बसला.
"उतर. शेट काय म्हनतात ठाव हाय ना?"
"मला नारळ समज ना, दादा. नारळ काय बोलतो व्हय?"
आजोबा हसले. आणि निघाले.

वळणावर बैलगाडी आडवी आली. ब्रेक लागला. नारळांबरोबर बाळूही रस्त्यावर आला.
लोक धावले ते आधी नारळ गोळा करायला. खाली माणूस आहे हे कुणाला दिसलंच नाही.

आजोबांनी हे मला एकदाच सांगितलं, माझं स्कूटरचं लायसन्स आलं त्या दिवशी.
"मी हसलो गो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आज आजोबांची पुण्यतिथी.
आणि आजच लेकीला मैत्रिणींना गाडीत घेऊन मांडव्याला जायचं होतं. लायसन्स मिळून आठवडा झालाय.

"एकटी जा. वर्षभर कुणाला बसवायचं नाही."
"कायद्यात असं कुठे आहे, आई?"
"आपल्या घरात आहे."
"मग त्यांना नारळ समज ना."

चावी माझ्या हातातच राहिली.
बाळूचं ते वाक्य मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

मग समोर बसवून सगळं सांगितलं. ती उठली. परसातले नारळ आणून डिकीत टाकले. सुट्टे.
मैत्रिणींना फोन केला, "तुम्ही रिक्षाने या गं."

ती निघाल्यापासून मी आत-बाहेर करतेय. भात करपला. फोन करावासा वाटतो, पण ती गाडी चालवत असली तर?
म्हणून हे लिहीत बसले.

आत्ता फाटकाशी ब्रेक लागला.
डिकीत नारळ गडगडले. चांगलेच गडगडले.

अजून तिला माणसं न्यायची नाहीत, आजोबा.
तुम्हाला आणि बाळूआजोबांना नमस्कार.