दहा मिनिटं मागे

केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी आम्ही चौघं जळगावात एक पेटी बनवतो. ती खोलीतले पंखे आणि गारवा चालवते. पेटीत छोटा संगणक असतो आणि त्याचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, माझ्याकडे. त्यातही घड्याळ आणि कुलपं ही माझी खास कामं. एक काम एखाद्या गोष्टीला हात लावत असताना दुसऱ्यानं मध्ये घुसू नये, म्हणून कुलूप. बाकीच्यांना यात काही मजा दिसत नाही. मला दिसते.

गेल्या श्रावणात धुळ्याची पेटी तीन दिवसांत चार वेळा गोठली. रावेर-सावद्याकडच्या सगळ्या पेट्या मात्र व्यवस्थित चालू होत्या. शनिवारी सकाळी मी पारोळ्यावरून जाणारी एसटी पकडली.

खोली घडांनी गच्च भरलेली होती. पिकायला लागलेली केळी स्वतःच गरम होतात. पंखे थांबले की आतला माल मऊ पडतो. खोलीचे मालक, केळीचे व्यापारी, दारातच उभे होते.

"ताई, मंगळवारी एकादशी. हा सगळा उपासाचा माल आहे. पेटी अजून एकदा झोपली की काढून टाकतो आणि पंखे हातानं चालवतो. आमचे नाना बरे, झोपायच्या आधी सांगतात तरी."

नाना म्हणजे खोली सांभाळणारे, साठीचे. ते क्रेटवर बसून हसले.

मीही एक क्रेट ओढून घेतला आणि लॅपटॉप पेटीला जोडला. आपण काय काय केलं ते पेटी ओळीनं लिहून ठेवते आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ टाकते. चारही वेळा शेवटची ओळ एकच: इंटरनेट जोडलं गेलं. त्यापुढे काही नाही. मला वाटलं, नेटच्या कोडमध्ये दोन कामं एकमेकांच्या कुलपाची वाट बघत अडकली असतील. दोन तास तेच वाचलं. कोड स्वच्छ होता.

साडेअकराला पेटी माझ्यासमोर गोठली. पंखे थांबले. नाना उठले, बटण बंद करून चालू केलं आणि सवयीनं पेटीवरच्या घड्याळाची दोन बटणं दाबत राहिले.

"नाना, हे काय करताय?"

"घड्याय लावस. दहा मिन्टं पुढे."

"पुढे कशाला?"

"बठ्ठा हमाल उशीर करतस ना ताई! घड्याय पुढे शे म्हनीसन ट्रक येळवर भराई जास."

मी क्रेटवरून उठलेच. इथलं नेट जात-येत असतं, आणि ते मिळालं की पेटी खरी वेळ मागवते. इथे खरी वेळ दहा मिनिटं मागची! घड्याळ एवढं मागे घ्यावं लागलं तर इशाऱ्याची एक ओळ लिहायची, असं कोडमध्ये होतं. घड्याळ बदलणारं काम आधी कुलूप घालतं, जणू आतून कडी लावतं. तोवर वेळ विचारायला आलेल्यानं बाहेर थांबायचं. इशारा लिहिला जात होता कडी लावलेली असतानाच. ओळ लिहायची तर वेळ हवी, वेळ हवी तर कडी निघायला हवी, आणि कडी निघणार ओळ लिहून झाल्यावर. संपलं. बाकीच्या गावांत घड्याळं बरोबर असल्यामुळे ती ओळ कधी चाललीच नव्हती. आणि प्रत्येक वेळी पेटी चालू करून नाना पुढच्या गोठण्याची तयारी करून ठेवत होते.

"म्हणजे नानांची चूक?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"नाही, माझी. ती ओळ मी लिहिली आहे."

"मना घड्यायनी काय चूक नही," नाना म्हणाले. "तुमनी पेटीच रुसकी शे."

नेटची तार मी काढून ठेवली आणि दुरुस्तीला बसले. आत असताना फक्त खूण करायची, कडी काढायची, मग ओळ लिहायची. जेमतेम चार ओळी इकडच्या तिकडे झाल्या. हात इतके भरभर चालत होते की एक कंस राहून गेला आणि मी स्वतःवरच खेकसले. जळगावच्या सहकाऱ्याला फोनवर कोड वाचून दाखवला. तो ओरडला, "अहो, हे इतके दिवस दिसलं कसं नाही?" मग नवा कर्नल पेटीत चढवला.

"नाना, घड्याळ पुढे करा."

त्यांनी केलं. मी तार जोडली. आम्ही तिघंही पंख्याकडे बघत राहिलो. घड्याळ दहा मिनिटं मागे आलं, इशाऱ्याची ओळ माझ्या पडद्यावर उमटली, आणि पंखा फिरतच राहिला. मी टाळी वाजवली, चक्क. पुन्हा केलं. मग अर्धा तास, मग एक तास मागे नेलं. अकरा वेळा.

व्यापारी आत गेले, मधल्या रांगेतल्या एका केळ्यात थर्मामीटर खुपसला आणि थांबले. पारा उतरायला लागला होता. तिथूनच त्यांनी ट्रकवाल्याला फोन लावला.

"सोमवारी पहाटे ये. माल पिवळा मिळेल."