पुढच्या खुर्चीचं सोंग

“करा ना तुमची ती सुरंगी गावची बाई!” मोठ्या बाई म्हणाल्या.

शाळेचं स्नेहसंमेलन आटोपलं होतं. सभागृहात आम्ही शिक्षकच उरलो होतो. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, कमरेत वाकले, आवाज चिरका केला. “बाय, माजा पोऱ्या पास झाला का?”

मुंबई-कोकणातून सिल्वासाला आलेले सहकारी पोट धरून हसले.

ती बाई म्हणजे माझी आई. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणून तर जास्त मजा. मी इंग्रजी शिकवत होते, पण होते सुरंगीच्या वारल्याची मुलगी. दर वर्षी हे सोंग करायचे. बदल्यात डबा खाताना त्यांच्या शेजारी जागा मिळायची.

त्या दिवशी शाळा झाडणारी मावशी दारात थांबली होती. आमच्याच गावची. ती हळूच म्हणाली, “पोरी, तुजा बा पन सोंगाड्या व्हता. पन तो आपल्या मानसांवर नव्हता हसत.”

कानाखाली बसावी तसं झालं.

माझा बा गावच्या बोहाड्यात, मुखवट्यांच्या जत्रेत, सोंगाड्या. सगळे देवांचे मुखवटे लावून नाचत, बा उघड्या तोंडानं. गावाचा नियम होता. सोंगाड्यानं पुढं बसलेल्या मोठ्या माणसाचंच सोंग करायचं. ते संपेपर्यंत त्या माणसानं उठायचं नाही. बा जंगलखात्याच्या साहेबाची नक्कल करायचा. साहेब दात चावत बसून राहायचा.

मी खोचलेली साडी सोडली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. मोठ्या बाईंच्या खुर्चीसमोर जाऊन त्यांच्याच आवाजात बोलले, “शिकलात ते छान झालं हं. पण बसायला जरा लांब बसा. तुमच्या लोकांना धुराचा वास येतो.”

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या मला हेच म्हणाल्या होत्या. शब्दही बदलला नाही मी.

कुणी हसलं नाही. बाई उठल्या.

“बसा,” मी म्हटलं. “आमच्यात सोंग संपेपर्यंत उठत नाहीत.”

त्या गेल्या. मागोमाग सगळे गेले. निवृत्त होईपर्यंत मी डबा रिकाम्या वर्गात एकटीनं खाल्ला. एक दिवसही माफी मागितली नाही.

नातवंडांनो, परवाचा घरच्या ग्रुपवरचा व्हिडिओ पाहिला. तुमच्यातल्या एकानं परदेशातल्या ऑफिसच्या पार्टीत माझं, आपल्या आजीचं, इंग्रजी बोलून दाखवलं, मान डोलवून. गोरे साहेब हसले. बाकीच्या भावंडांनी अंगठे पाठवले.

मी तो पुसून टाकला.

तुमच्या साहेबाचं सोंग साहेबासमोर करा. तेवढी छाती नसेल तर गप्प बसा. माझ्या आईचं मी दर वर्षी हसं केलं, ते झालं. माझं मी होऊ देणार नाही. पुन्हा असं केलंत तर सिल्वासाचं हे दार तुम्हाला बंद.