सुभेदाराचं शून्य पाणी

नर्मदामैयाची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. जबलपूरचा माणूस मैयाची खोटी शपथ घेत नाही. मी एकदाच घेतली होती, पण तेव्हा मी कटनीला होतो, मैयापासून लांब! आता एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. एखादी गोष्ट मी पदरची घातलीही असेल. घातलीच आहे. कुठली, ते शेवटी सांगतो.

असे किस्से साठतात कसे, हे मला आर.ओ. मशीनकडे बघून कळलं. ते मशीन बादलीभर शुद्ध पाणी देतं आणि तेवढ्यासाठी तीन-चार बादल्या दुसऱ्या नळीतून फेकून देतं. आमच्यात शुद्ध पाणी सगळं सुभेदाराच्या टाकीत गेलं. फेकलेलं माझ्याकडे आलं. तेच तुमच्यापुढे ओततो आहे.

आम्ही म्हणजे तिघं. दीक्षितपुऱ्यातला अविनाश सुभेदार, रेल्वेच्या ऑफिसात. दबीर, तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत फोरमन. आणि मी. मी कुठे नोकरीला आहे ते लिहीत नाही, आमचे साहेब वाचतात.

* * *

टाकी खरं तर सुभेदाराची नव्हे, त्याच्या लेकीची. ऋताची. साधी गोड्या पाण्याची नव्हे हं, समुद्राची! खारं पाणी, पांढरी वाळू, एक नारंगी मासा, एक झिंगा आणि खडकावर जिवंत प्रवाळ. हिरवं, बोटांबोटांचं. दिवा लागला की फुलासारखं उघडायचं. जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला गाडीत झोप काढावी लागते. आणि ह्या पोरीने तो दीक्षितपुऱ्यात, सोफ्याशेजारी आणून ठेवला.

मग ऋताला बंगळूरूला नोकरी लागली. गेली ती भांडून गेली. तिला न विचारता सुभेदाराने एक स्थळ घरी बोलावलं होतं. ऋताला मराठी सगळी समजते, पण भांडते हिंदीत. दारात बॅग घेऊन म्हणाली, "पापा, मेरी चिंता छोड़ो. बस पानी का ध्यान रखना."

तेव्हापासून दर रविवारी फोन.

"पानी ठीक है?"

"ठीक है."

"कोरल खुला है?"

"खुला है."

संपला फोन. ना जेवलीस का, ना पापा कसे आहात. सुभेदार मला एकदा म्हणाला, "ते प्रवाळ मेलं ना, तर तिला फोन करायला कारणच नाही उरणार रे."

आणि प्रवाळ तर मिटायला लागलं होतं.

* * *

अधारतालला पप्पूभैयाचं माशांचं दुकान आहे. पप्पू म्हणाला, "दादा, नल का पानी डाल रहे हो क्या? नापो पहले." आणि पेनाएवढं एक मीटर हातात दिलं. पाण्यात काय काय विरघळलेलं आहे त्याचा आकडा त्यावर येतो. प्रवाळाला शून्य लागतं.

सुभेदाराने घरी येऊन नळाच्या पाण्यात मीटर बुडवलं. आकडा आला तो शून्याच्या गावचाही नव्हता. मग माणूस सुटलाच! वरणात मीटर. दबीरच्या चहात मीटर. शेवटी देवघरातल्या गडूत, नर्मदेच्या पाण्यात.

शैलावहिनी, म्हणजे सुभेदाराची बायको, मागे उभ्या होत्या. "अहो! मैयाला मीटर लावून राहिले?"

"अगं, फक्त शुद्ध आहे का ते..."

"तिचं शुद्ध तुम्ही तपासणार? शर्टाची कॉलर बघा आधी!"

मीटर जप्त झालं. दुसऱ्या दिवशी परत मिळालं ते हळदीकुंकू लावलेलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते कोरड्या हवेतही आकडा दाखवत होतं!

* * *

मग शून्य पाण्यासाठी घरी आर.ओ. मशीनवाला आला. टाय लावलेला. आल्या आल्या त्याने ग्लासात दोन तारा सोडल्या, पाणी काढ्यासारखं झालं, आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "देखिए सर, यही पी रहे हैं आप. हमारी मशीन में मिनरल आता है, कॉपर आता है. पानी में जान डाल देती है."

"मुझे पानी में कुछ नहीं चाहिए," सुभेदार म्हणाला. "और कॉपर तो बिलकुल नहीं! तांबे से ये मर जाते हैं." वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या आणि कुकरची शिट्टी होत होती. हे लक्षात ठेवा.

"सर, कुछ नहीं वाला पियोगे तो कमज़ोरी आएगी."

"मला कुठे प्यायचं आहे? इनके लिए चाहिए." सुभेदाराने टाकीकडे बोट केलं.

मशीनवाला बराच वेळ नारंगी माशाकडे बघत राहिला. मासाही त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. परत आला तेव्हा टायची गाठ सैल झाली होती.

"सर, वारंटी नहीं मिलेगी. साहब पूछ रहे हैं, पानी खराब आया तो मछली कंप्लेंट कैसे करेगी?"

* * *

वहिनींच्या मोठ्या बहिणीला, मावशींना, हे सगळं प्रकरण समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. प्रवाळ म्हणजे पोवळं, इथपर्यंत ठीक गेलं. मावशींच्या बोटातच होतं, मंगळासाठी.

"म्हणजे हे जिवंत असतं?"

"हो."

"मग माझ्या बोटातलं?"

मावशींनी अंगठी पदराखाली घेतली.

मग पाण्याचा विषय. "पाण्यातलं सगळं काढायचं, मावशी. क्षार, मीठ, सगळं. शून्य करायचं."

"बरं. मग?"

"मग त्यात मीठ घालायचं. समुद्राचं."

मावशींनी माझ्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं. "शैला, आधी मीठ काढायचं, मग मीठ घालायचं. तुझ्या घरी माणसांना काही काम नाही का गं?"

* * *

दबीरला बाजारातल्या मशीनचं प्लास्टिक मुळात पसंतच नव्हतं. फॅक्टरीत आम्ही बनवतो ते फुटतंसुद्धा ठरल्या वेळीच, असा त्याचा अभिमान. "मी बनवून देतो," म्हणाला. "काहून चिंता करून राहिला?"

महिनाभर वेल्डिंग चाललं. मग एका सकाळी हातगाडीवरून ते आलं. जाड पोलाद, चहूकडून बोल्ट, वर प्रेशरचा काटा. गल्लीतली मुलं लांब उभी राहिली. एका म्हाताऱ्याने नमस्कार केला.

नळ जोडला. पंप सुरू झाला. काटा चढला. दबीर लांबून ओरडला, "गळतंय का कुठे?"

"नाही!" सुभेदार.

"जॉइंटला बघ!"

"थेंबही नाही!"

"तर मग! म्हटलं होतं ना!"

"अरे, पण येतही नाही!"

दबीर जवळ आला. खाली वाकून त्याने नळीत बघितलं, कान लावला, फुंकून पाहिलं. मग उभा राहून अगदी शांतपणे म्हणाला, "सुभेदारा, असं मजबूत काम तुला कुठेही मिळणार नाही."

ते अजून अंगणात आहे. हलवता येत नाही.

* * *

शेवटी ऋतानेच बंगळूरूहून मशीन पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. चार नळकांडी. त्यातल्या शेवटच्या नळकांड्यात रंगीत मणी होते. पाणी बिघडायला लागलं की मण्यांचा रंग बदलायचा.

सुभेदाराने मीटर बुडवलं. आम्ही तिघं आणि वहिनी, चौघं डोक्याला डोकं लावून बघत होतो.

शून्य.

तो माणूस धावत जाऊन पेढे घेऊन आला! गल्लीत वाटत सुटला. "शून्य आलं! शून्य आलं!" शेजारचे तिवारीजी पेढा हातात धरून म्हणाले, "अच्छा? हमारे मुन्ना का गणित में आया था, तब तो आपने भाषण दिया था."

आठवड्याभरात प्रवाळ उघडलं. अगदी पूर्ण. त्या रविवारी ऋताचा फोन आला. "पानी ठीक है?" "शून्य है बेटा, ज़ीरो!" आणि पोरगी हसली. मग म्हणाली, पापा, यहाँ की कुक दाल में गुड़ डालती है. पाण्याव्यतिरिक्तचं हे पहिलं वाक्य! सुभेदाराने ते आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की दबीर त्याला गुळाची ढेप आणून देणार होता.

वहिनी त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "रोज सकाळी टाकीतलं उडालेलं पाणी भरायचं असतं ना, ते यापुढे मी करीन."

* * *

इथे खरं म्हणजे मी थांबायला हवं होतं. किस्सा कुठे थांबवायचा ते मला कळतं. आयुष्याला कळत नाही.

मे महिन्यात प्रवाळ पुन्हा मिटलं. झिंगा उताणा पडला. मग नारंगी मासा. मीटर पुन्हा पुन्हा बुडवलं. मशीनमधून येणारं पाणी शून्यच्या शून्य. खडकावरची हिरवी बोटं गळून गेली आणि खाली उरला पांढराशुभ्र सांगाडा.

सुभेदार आणि मी बाटलीत टाकीचं पाणी घेऊन पप्पूकडे गेलो. त्याने थेंब टाकले, नळी हलवली, रंग बघितला आणि डोकं धरलं. "दादा, इसमें तांबा किसने डाला?"

"कोणीच नाही!"

"है, दादा. पत्थर तक पी गया है. अब इसमें कुछ नहीं टिकेगा."

घरी आलो. पाणी प्यावं म्हणून आत गेलो तर देवघराशेजारी, पाटावर, तांब्याचा हंडा. वहिनींच्या लग्नातला. चिंचेने घासून असा लखलखीत केलेला की त्यात आमची दोघांची तोंडं दिसत होती. वर स्वच्छ फडकं बांधलेलं. आत शून्य पाणी.

एवढं शुद्ध पाणी, लेकीला हसवणारं पाणी, ते प्लास्टिकच्या ड्रममध्ये कोण ठेवणार? कुठल्या घरात ठेवतील? वहिनी ते आणून हंड्यात भरत होत्या आणि रोज सकाळी, आंघोळ करून, त्यातलं टाकीत घालत होत्या.

सुभेदाराने हंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

वहिनी हात पुसत आल्या. "काय म्हणाला पप्पू?"

सुभेदार म्हणाला, "थंडीने गेलं गं."

मे महिना. जबलपूर. कूलर समोर होता आणि तोही गरम हवा मारत होता.

वहिनींनी पदराने कपाळावरचा घाम टिपला. "असेल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गेलो तर हंडा माळ्यावर होता. कोणी चढवला, मी विचारलं नाही.

* * *

आता शेवटचं. दिवाळीचं.

फराळाचा डबा घेऊन मी सुभेदाराकडे गेलो. दार उघडंच होतं. दिवाळीला ऋता आली होती. बॅग अजून दारातच, चपला एकीकडे एक. बापलेक टाकीसमोर जमिनीवर बसलेले. टाकीत दिवा लावलेला, पंप चालू, पाणी असं नितळ की काच आहे की नाही कळू नये. आणि आत काही नाही. पांढरी वाळू, पांढरा खडक. सुभेदार नळीने जुनं पाणी बादलीत काढत होता. बाजूला नव्या पाण्याचा ड्रम, त्यात मीठ विरघळत होतं.

"पानी ठीक है?" ऋता म्हणाली.

"ज़ीरो था. अभी नमक डाला है."

"कोरल खुला है?"

सुभेदाराने पांढऱ्या खडकाकडे पाहिलं. "खुला है, बेटा. पूरा."

"हरा हुआ?"

"एकदम हरा."

मग ती ऑफिसातल्या कोणत्या तरी मैत्रिणीबद्दल सांगायला लागली. मग घरमालकाबद्दल. मग दाल. सुभेदार ऐकत होता, हं हं करत होता, आणि प्लास्टिकच्या मगाने नवीन पाणी त्या रिकाम्या टाकीत ओतत होता. वर लाटही उठू नये इतकं हळू.

मला राहवलं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "वहिनी, आत काहीच नाही तर हा पाणी काहून बदलून राहिला?"

वहिनींनी तोंडावर बोट ठेवलं.

"भाऊजी, गप्प बसा. बोलू द्या त्यांना."

* * *

सांगतो म्हणालो होतो, तर सांगतो. मैयाला मीटर लावलं, ते खरं. दबीरचं पोलाद खरं, येऊन बघून जा. हंडा खरा, थंडी खरी. रिकाम्या टाकीत पाणी ओतणं खरं, आणि वहिनींचं बोटही खरं.

ऋता आली होती, तेवढंच माझं. फोन टाकीच्या झाकणावर होता, स्पीकरवर.