बन्सीधर रेडिओवाल्याची एकुलती एक चूक

परभणीच्या स्टेशन रोडवर बन्सीधरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हाताला कसब असं, की मुका झालेला रेडिओ दोन तासांत बोलता करायचा. पण एक खोड होती. या गड्यानं जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. दुरुस्त केलेला रेडिओ चार दिवसांत पुन्हा बंद पडला, की दोष गिऱ्हाइकाचा. "तुमी लय मोठ्यानं लावला असंल." एकदा भाजीत दुसऱ्यांदा मीठ त्यानंच टाकलं, आणि वर बायकोला म्हणतो कसा, "औंदा मीठच जरा खारट आलंय." पंचफुलानं कपाळावर हात मारून घेतला. दुसरं काय करणार बिचारी? लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि अठरा वर्षं हेच चाललं होतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गणपती चार दिवसांवर आले होते, आणि शहराबाहेरच्या माळावर एक छोटं विमान उतरलं. हैदराबादचे इक्बाल मियाँ, घरचे रईस, स्वतःचं विमान घेऊन हौसेनं हिंडायचे. त्यांच्या विमानातला रेडिओ बंद पडला होता. कुणीतरी पळत जाऊन बन्सीधरला आणलं. त्यानं तासाभरात तुटकी तार जोडली, खरखर ऐकू यायला लागली. मियाँ खूश झाले. "उस्ताद, नांदेड जारा हूँ मैं. चलते क्या?"

बन्सीधरला नाहीतरी नांदेडच्या गणेश मंडळाला भोंग्याचं युनिट पोचवायचं होतं. युनिट म्हणजे भोंग्याच्या मागं बसतं ते डबडं, नारळाएवढं, आणि आत दांडगं लोहचुंबक. एसटीनं जायचा बेत रद्द झाला, आणि सगळ्या गल्लीला निरोप गेला, की बन्सीधर विमानानं चाललाय. पन्नासेक माणसं माळावर जमली. पंचफुलाही आली, तोंड वाकडं करून.

वर गेल्यावर दहा मिनिटांत ढगांनी घेरलं. काचेबाहेर नुसतं पांढरं. बन्सीधरनं खुर्चीची कड धरली. मियाँ निवांत होते. "बाहर नक्को देखो, काँटे देखो," म्हणाले, आणि समजावून सांगितलं. समोरच्या काचेपाशी होकायंत्र होतं. खाली दिशेची तबकडी होती, ती आतल्या फिरत्या भोवऱ्यावर चालायची. भोवरा हळूहळू सरकतो, म्हणून पाव तासानं होकायंत्र बघून तबकडी जुळवून घ्यायची आणि तिच्यावर विमान चालवायचं. बन्सीधरनं मान डोलावली. त्याला कुठलीही गोष्ट आधीपासूनच ठाऊक असायची.

मांडीवरच्या युनिटनं त्याचे पाय बधिर झाले. त्यानं ते उचललं आणि समोरच्या फळीवर ठेवून दिलं, होकायंत्राला अगदी खेटून. मियाँ तेव्हा नकाशात डोकं घालून बसले होते. वर बघतात, तर तबकडी एक दिशा सांगतेय आणि होकायंत्र भलतीच. एवढा फरक कसा, ते डबडं कशाचं, काही विचारलं नाही. "बुढ्ढा हो गया रे तू," असं तबकडीलाच म्हणून त्यांनी ती होकायंत्राशी जुळवली आणि विमान वळवलं.

नांदेड पंचवीस मिनिटांत यायला हवं होतं. चाळीस झाली, तरी पत्ता नाही. रेडिओवर हाक मारली, तर नुसती खरखर. "हवाच खराब हाय," बन्सीधर लगेच म्हणाला. तेवढ्यात ढग जरासा फाटला आणि खाली डोंगराचा माथा दिसला, इतका जवळ, की झाडं मोजता यावीत. नांदेडच्या वाटेवर डोंगर? मियाँचा चेहरा पांढराफटक पडला. विमान बालाघाटात शिरलं होतं.

बन्सीधरची नजर होकायंत्रावर गेली, मग युनिटवर. ज्याची निम्मी हयात लोहचुंबकं हाताळण्यात गेली, त्याला कळायला कितीसा वेळ लागतो? त्यानं गुपचूप युनिट उचललं आणि मागच्या सीटच्याही मागं ढकललं. वाटलं, मिटलं एकदाचं. कुणाला कळायचं कारण नाही.

होकायंत्र गर्रकन फिरलं आणि खरी दिशा दाखवायला लागलं. पण मियाँनी ते फिरताना बघितलं. "कंपास मर गया!" म्हणत त्यांनी त्याचा नाद सोडला आणि सगळी भिस्त तबकडीवर ठेवली. ती तर चुकीचीच जुळवलेली! ती सरळ डोंगरात न्यायला लागली होती.

आता खरं काय ते एका बन्सीधरलाच ठाऊक होतं. आणि खोटं कशाला सांगू, मरावं का बोलावं या विचारात त्यानं तीन-चार सेकंद घालवले. मग पंचफुला आठवली. लय भ्याला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. सवय नव्हती, आवाज फुटेना.

"क्या?" इंजिनाच्या घरघरीत मियाँना ऐकू गेलं नव्हतं.

"माझं चुकलं!"

"जोर से बोलो!"

"माझं चुकलं वो!" बन्सीधर बेंबीच्या देठापासून ओरडला. "डब्यात चुंबक हाय! मीच ठेवला व्हता तिथं! होकायंत्र खरं हाय, तबकडी खोटी!"

मियाँनी त्याच्याकडं एकदा बघितलं, एक शिवी हासडली, विमान वर चढवलं, तबकडी जुळवली आणि उत्तर धरली. पाव तासानं ढग विरले. खाली गोदावरी, काठाजवळ सोनपेठचा भरलेला बाजार आणि परभणीकडं निघालेली लाल एसटी. तिच्या सडकेवरूनच विमान परत माळावर आलं.

सोडायला आलेली बरीच माणसं अजून तिथंच गप्पा हाणत होती. मियाँनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "गलती मेरी. एवढा फरक दिसल्यावर मी थांबून बघायला पाहिजे होतं."

"तुमची कशी काय?" बन्सीधर उसळला. "चुंबक माझा, ठेवला मी. चूक माझीच हाय!"

"अरे उस्ताद, पायलट मैं हूँ!"

"असाल! पर चूक माझी!" त्यातही तो मागं हटायला तयार नव्हता. माणसं पोट धरून हसायला लागली.

पंचफुला तेवढी हसली नाही. ती पुढं आली, त्याचा दंड घट्ट धरला आणि गर्दीतून बाजूला घेऊन गेली.

"मला म्हणा की एकदा."

"काय?"

"तेच. चुकलं म्हणून."

"कशाबद्दल?"

"तुमी म्हणा आधी. कशाबद्दल ते घरी गेल्यावर सांगते."

बन्सीधरनं आजूबाजूला बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलं बाई माझं."

पंचफुलानं पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडायला लागली. बन्सीधर पार गोंधळला. "आता रडायला काय झालं? म्हणलं न्हवं?"

"म्हणलात," ती हुंदके देत म्हणाली. "पर एवढ्यासाठी इमानात बसून मरायला जावं लागलं तुमाला."